साडेपाचची प्रार्थना : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर ३१ वर्षं लॉगबुक लिहिलं. पंप किती वाजता सुरू, किती वाजता बंद, दाब किती, लाइट गेली तर किती वेळ. निवृत्त झालो तरी हाताची सवय जात नाही. म्हणून हे काम धरताना आधी वही घेतली. दोनशे पानी, रेघांची.

कारण लिहून ठेवतो. गुरुवारी आमच्या चर्चच्या मंडळीतले एक जुने सभासद वारले. पाळकसाहेब अजून वाटेत होते, घर माणसांनी भरलेलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "तात्या, तुम्ही प्रार्थना करा." मी १४ वर्षं मंडळीचा पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्यांपैकी एक. उभा राहिलो, डोळे मिटले आणि तोंडात एक शब्द येईना. शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं, सगळ्यांनी धरलं, वेळ निभावली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं. घरी येताना म्हणाली, "पाठ होतं म्हणून बरं."

आज उपासनेत मुद्दाम स्वतःवर नजर ठेवली. उपदेश चालू होता आणि मी पंख्याचा हेलकावा बघत होतो (बेअरिंग गेलंय). अर्पण किती जमलं ते रुपयाला रुपया आठवतंय. उपदेश कुठल्या वचनावर होता ते आठवत नाही. रविवार चुकत नाही, दशांश चुकत नाही, नाताळात घरोघर फिरणं चुकत नाही. पण रिकाम्या पाइपातली हवासुद्धा पाण्याचं मीटर फिरवते, हे मला कोणी शिकवायला नको.

१९ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, समजूत घालतील. ते म्हणाले, "तात्या, माझ्याकडे ही मंडळी धरून चार गावं आहेत. रविवारी तीन ठिकाणी तोच उपदेश करतो. तिसऱ्या ठिकाणी माझाच आवाज मला दुसऱ्याचा वाटतो." मग दोघंही गप्प.

मी म्हटलं, उज्जीवन सभा घेऊ या का? ते नको म्हणाले, आणि खरं तर मलाही नको होतं. आतापर्यंत अशा सात-आठ सभांचा मांडव मीच उभा करून घेतलाय. तीन रात्री लाउडस्पीकर, बाहेरचा वक्ता, लोक पुढे येतात, रडतात. ते रडणं खोटं नसतं. पण चौथ्या दिवशी मांडववाला येऊन कापड गुंडाळतो आणि पाचव्या दिवशी जो तो आपापल्या जागी.

ठरलं ते एवढंच : चर्चच्या मागची खोली, रोज पहाटे ५.३० ते ६.३०, ५ मार्चपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत. रविवार वगळून बरोबर ४० दिवस भरतात. बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी.

२ फेब्रुवारी, रविवार

पंचमंडळाची बैठक. एक तास दहा मिनिटं. त्यातली पन्नास मिनिटं किल्लीवर. खोलीची किल्ली एकाच घरी का, दुसऱ्याला दिली तर हार्मोनियमला जबाबदार कोण, लाइट बिल कोण भरणार. एक जण म्हणाले, "पहाटे नळाला पाणी येतं, बायका येणार कशा?" हा एकच मुद्दा खरा होता. पाणी ज्या गल्लीला ज्या दिवशी, त्या दिवशी त्यांना सुट्टी, असं ठरवलं. बिल मी भरणार.

साहित्य : चटया ४, ट्यूबलाइट १ (जुनीच, स्टार्टर बदलला), थर्मास १, पवित्र शास्त्राच्या मोठ्या अक्षरांच्या प्रती २. खर्च ३४० रुपये.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाळकसाहेब आणि मी केडगावला जाऊन आलो. आमच्या नगरचं केडगाव नाही, दौंडपलीकडचं, पंडिता रमाबाईंचं. पोराला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "रिक्षाने गेलात का?"

मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे रमाबाईंच्या निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, १९०५ साली जे घडलं ते लहानपणापासून ऐकत आलोय. रात्री एका मुलीला दुसरी मुलगी ज्वाळांनी वेढलेली दिसली. तिला विझवायला ती पाण्याची बादली आणायला धावली, आणि बघते तर आग लागलेलीच नव्हती. आमच्याकडे प्रत्येक वक्ता ही गोष्ट सांगतो आणि ज्वाळांवर थांबतो. मला मात्र ती बादलीवाली आवडते. आग दिसली तर आधी पाणी आणायचं, अर्थ नंतर लावायचा. आमच्या खात्यात चालली असती.

आज तिथे उभं राहिल्यावर वेगळीच गोष्ट मनात बसली. ही घटना जूनच्या अखेरीची. रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी बायका-मुली गोळा करायला सुरुवात केली जानेवारीत. आधी सत्तर जणी, मग वाढत वाढत पाचशेच्या वर, दिवसातून दोनदा. म्हणजे जवळजवळ सहा महिने काहीही न दिसता त्या रोज बसत होत्या. त्या सहा महिन्यांवर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

येताना गाडी दौंडला दीड तास उभी. वडापाव खाल्ला. प्रार्थना केली नाही, झोपलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

तासभर करायचं काय, हा प्रश्न. मोकळी प्रार्थना म्हटली की आमच्याकडे तेच तिघं बोलतात आणि बाकीचे 'आमेन' म्हणायला असतात. पाळकसाहेबांनी जुनी रीत सांगितली. पवित्र शास्त्रात स्तोत्रं १५०. महिन्याचे दिवस ३०. तारीख घ्यायची आणि तिच्यात तीस-तीस मिळवत जायचं. पाच तारखेला ५, ३५, ६५, ९५, १२५. महिन्यात पुस्तक पूर्ण. वाचायची पाळी चटईवर बसल्या क्रमाने. निवडायचं नाही, गाळायचं नाही. मग पंधरा मिनिटं शांत. मग ज्याला वाटेल त्याने एक वाक्य. एकच. मग चहा.

हिशेब मला लगेच पटला. तक्ता करून दारामागे चिकटवला.

५ मार्च, बुधवार. दिवस १

हजर ९. ५.२२ ला कुलूप काढलं. पाचव्या स्तोत्रातच 'सकाळी तू माझा शब्द ऐकशील' अशा अर्थाची ओळ आहे. सगळ्यांना ती आजसाठीच लिहिल्यासारखी वाटली. उत्साह फार. शांतता पंधरा मिनिटं ठरलेली, सहाव्या मिनिटाला कोणीतरी खोकून मोडली.

६ मार्च. दिवस २. हजर ७.

७ मार्च. दिवस ३. हजर ५. माझी झोप झालेली नाही.

१० मार्च, सोमवार. दिवस ५

हजर २. मी आणि मावशी. मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्स. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, पण अख्खी मंडळी मावशी म्हणते म्हणून मीही. मुलगा २०२१ मध्ये कोरोनात गेला. तेव्हापासून रविवारी शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वादाआधी निघून जातात. त्या येतील असं मला वाटलंच नव्हतं.

पाच स्तोत्रं दोघांनी वाटून वाचली. एक वाक्याच्या वेळी मी 'प्रभू, लोकांना जागं कर' म्हणालो. मावशी काही बोलल्या नाहीत. चहा ओतताना म्हणाल्या, "लोक जागेच असतात तात्या, अंथरुणात."

१३ मार्च, गुरुवार. दिवस ८

हजर ६. आज घोटाळा झाला.

मंडळीतले दोन सख्खे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. वडिलोपार्जित घराची मधली भिंत, बाकी तपशील इथे नको. चर्चमध्ये एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे. थोरला पहिल्या दिवसापासून येतो. तेरा तारीख : १३, ४३, ७३, १०३, १३३. बसल्या क्रमाने १३३ नेमकं थोरल्यावर आलं. भावांनी एकोप्याने राहणं किती चांगलं, हे ज्यात आहे ते. पहिली ओळ वाचली, थांबला. चष्मा काढून पुसला, परत लावला. पुस्तक शेजारच्याच्या मांडीवर ठेवलं आणि चहाला न थांबता गेला.

मला अपराध्यासारखं वाटलं. तक्ता मी केला होता. पाळकसाहेब म्हणाले, "तक्ता तुम्ही केलात, तारीख तुम्ही केली नाहीत."

१४ मार्च, शुक्रवार. दिवस ९. धुळवड. हजर ३. थोरला आला नाही.

१७ मार्च, सोमवार. दिवस ११

हजर ५. थोरला परत आला. काही बोलला नाही, चटई झाडली.

१९ मार्च, बुधवार. दिवस १३

सकाळी हजर ५. संध्याकाळी घरप्रार्थना आमच्याच घरी, २१ माणसं, हिने पोहे केले. विषय पवित्र शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणातलं, लावदिकीयाच्या मंडळीला पत्र : तू उष्ण नाहीस, शीत नाहीस, कोमट आहेस. पाळकसाहेबांनी ऐनवेळी सांगितलं, "पाण्याचं आहे, तात्या बोलतील."

बोललो. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात, देनिजली शहराजवळ. एका बाजूला हिरापोलिस, तिथे गरम पाण्याचे झरे. आज पामुक्कले नावाने लोक बघायला जातात, पाण्यातल्या चुन्याने डोंगर पांढरा झालाय. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथलं पाणी डोंगरातलं, थंड. लावदिकीयाकडे स्वतःचं धड पाणी नव्हतं, कित्येक किलोमीटरवरून नळवाटेने आणावं लागे. ते दगडी आणि भाजक्या मातीचे पाइप अजून सापडतात, आतून क्षाराने भरत आलेले. पत्रातला 'कोमट' शब्द या पाण्यावरून आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

इथे मला माझं खातं सापडलं. क्षार एका दिवसात बसत नाही. चार इंची पाइप आतून दोन इंची होतो तेव्हा बाहेरून रंगही बदलत नाही. वर टाकी भरलेली, खाली नळ उघडा, सगळं जागच्या जागी, आणि बादली भरायला वीस मिनिटं. तक्रार शेवटच्या घरातून येते. पहिल्या घराला कधीच कळत नाही.

मग पाळकसाहेब म्हणाले ते मी प्रथमच ऐकलं. आपण समजतो उष्ण म्हणजे चांगला ख्रिस्ती आणि थंड म्हणजे वाईट. पण त्या खोऱ्यातल्या माणसाला गरम पाणी अंग शेकायला उपयोगी आणि थंड पाणी प्यायला. दोन्ही चांगलीच. कोमट ना शेकायला, ना प्यायला. म्हणजे ओरडा आहे तो कोणाच्याच कामी न येण्याबद्दल. मनात ऊब वाटते की नाही, हा तिथे प्रश्नच नाही.

रात्री झोप लागली नाही. गेले दोन महिने मी रोज पहाटे स्वतःचा ताप मोजत होतो.

२४ मार्च, सोमवार. दिवस १७

हजर ८. धाकटा आला! चटईच्या पार दुसऱ्या टोकाला बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. चहा ओतायची पाळी थोरल्याची होती. ग्लास भरत भरत टोकापर्यंत गेला, एक ग्लास धाकट्यासमोर जमिनीवर ठेवला, परत आला. धाकट्याने प्याला.

२८ मार्च, शुक्रवार. दिवस २१

हजर ७. स्तोत्रं २८, ५८, ८८, ११८, १४८. ८८ मावशींवर आलं.

बहुतेक स्तोत्रं रडत सुरू झाली तरी शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वळत नाही. शेवटची ओळ अंधारावरच थांबते. मावशींनी वाचलं आणि पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का. मग विचारलं, "संपलं?" पाळकसाहेब म्हणाले, "संपलं." मावशी म्हणाल्या, "बरं केलं लिहिणाऱ्याने."

आज शांतता पंधरा मिनिटांवरून बावीस मिनिटांवर गेली, कोणी मोडली नाही. घड्याळ फक्त मी पाहिलं. नंतर मावशींनी त्यांचं पहिलं वाक्य म्हटलं. काय म्हटलं ते या वहीत लिहायचं नाही. त्यांचे डोळे भरले होते.

मुलाच्या वेळी मी त्यांच्या घरी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा 'देवाची इच्छा' म्हणून आलो होतो. आज त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तेवढं चुकलं असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळेच तसं म्हणत होते. तुम्ही निदान दुसऱ्यांदा आलात."

२९ मार्च, शनिवार. दिवस २२

११९ वं स्तोत्र. १७६ वचनं. ६.३० चा तास ७.०५ ला संपला. दोघांची बस चुकली, एकाचं दूध उतू गेलं (बायकोचा फोन आला). पुढच्या वेळी ११९ चे तुकडे करायचे, ठराव एकमताने मंजूर. या पंचमंडळाच्या इतिहासात एकमत बहुधा पहिलंच.

३ एप्रिल, गुरुवार. दिवस २६

हजर ११. तरुण संघातली तीन पोरं. त्यातल्या एकाने कीबोर्ड आणला, शेवटी एक भजन घेऊ म्हणाला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं घेतलं. कीबोर्डमधला तयार ठेका लावला आणि भजन असं रखडलं की भरलेली बैलगाडी चिखलात.

भिंतीपलीकडे माळकरी आबा राहतात, दरसाल वारीला जातात. आम्ही बाहेर पडलो तर ओट्यावर बसलेले. म्हणाले, "तात्या, शब्द गोड आहेत. पण ठेका मेलाय तुमचा."

४ एप्रिल, शुक्रवार. दिवस २७

आबांना आत बोलावलं. पखवाज घेऊनच आले. बोलावणं येणार हे धरून होते. भजनी ठेका पोराला हातावर वाजवून दाखवला, आठ मात्रा, मग मांडीवर, मग पखवाजावर. कीबोर्ड म्यानात.

टिळक १८६१ चे, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तोवर आमच्या मंडळ्यांत बरंचसं गाणं इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवून चाले. टिळकांनी अभंगाची वाट धरली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आमच्या आजीला ही भजनं टाळावर येत. बाबांना हार्मोनियमवर. मला पुस्तकात बघून. पोरांना मोबाइलवर. आणि आता पुलाच्या त्या टोकाचा माणूस येऊन आम्हाला आमचाच ठेका परत शिकवतोय. आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "टाळ आहेत का? दोन जोड देतो. परत आणून द्या."

भजन चौदा मिनिटं चाललं. मी पुस्तक मिटलं होतं, ते कधी मिटलं ते कळलं नाही.

८ एप्रिल. दिवस ३०. हजर ९. लाइट गेलेली, मेणबत्ती. नोंद घेण्यासारखं बाकी काही नाही. मन कोरडं. तरी बसलो.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज पहाटेची बैठक नाही. पण तारीख तेरा आहे हे थोरल्याच्या लक्षात होतं. उपासनेनंतर मला म्हणाला, "आज १३३ चा दिवस. सुटलो." हसला. मीही हसलो. पुढे काही विचारलं नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार. दिवस ३९

पहाटे हजर १४. दुपारी १२ ते ३ ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. सातपैकी पाचवा उद्गार, 'मला तहान लागली आहे', यावर पाच मिनिटं बोलायला मला सांगितलं होतं. पाण्याचा माणूस म्हणून आता हे कायमचं मागे लागलंय. तयारी करून कागद नेला होता. उभा राहिलो तेव्हा कागद खिशात राहिला. तीन मिनिटं बोललो, मग प्रार्थना केली. पाठ नसलेली. अडखळली, दोनदा थांबलो, वाक्य पुरं झालं नाही. बायको पुढच्या बाकावर होती, मान खाली.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे पाचला दफनभूमीत उपासना. मावशी आशीर्वादाला थांबल्या. नंतर मुलाच्या कबरीवर मेणबत्ती लावायला आम्ही नऊ जण त्यांच्याबरोबर गेलो. वारा होता, मेणबत्ती विझे. धाकट्याने शेजारच्या कबरीवरच्या मेणबत्तीवरून तीनदा पेटवून घेतली.

४० दिवसांचा हिशेब : कमीत कमी हजर २, जास्तीत जास्त १४, सरासरी ७ च्या आसपास. आमच्या मंडळीत नावं २१२. थर्मासचं झाकण हरवलं.

२२ एप्रिल, मंगळवार

काल-आज बैठक नाही, प्रकल्प संपला म्हणून. पहाटे पाचला जाग आली. फिरायला म्हणून बाहेर पडलो, पाय चर्चकडे. खोलीच्या पायरीवर मावशी, आबांचे टाळ घेतलेला पोरगा, आणि थोरला. किल्ली माझ्या खिशात होती.

१४ मे, बुधवार

उन्हाळा. मागच्या गल्लीला पंधरा दिवस पाणी कमी दाबाने. चहाच्या वेळी निघालं की तिथली दोन म्हातारी माणसं टँकरच्या रांगेत उभी राहू शकत नाहीत. मी, धाकटा आणि दोन पोरं गेलो. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कापला, आतून पेन्सिल जाईल एवढंच भोक. नऊ फूट बदलला. खर्च वर्गणीतून. त्या घरांतलं एकही आमच्या मंडळीचं नाही. लाइट बिलाचा विषय पंचमंडळात परत निघाला नाही.

८ जून, पेंटेकॉस्टचा रविवार

संध्याकाळी पाऊस. खोली गळते, चटया भिजल्या. किल्लीच्या दोन नकला करून घेतल्या, एक मावशींकडे, एक धाकट्याकडे. पंचमंडळाला उद्या कळवतो.

१९ जून, गुरुवार

(ही नोंद तात्यांची नाही. तात्यांचा गुडघा सुजलाय, डॉक्टरांनी दहा दिवस जिना उतरू नका सांगितलंय. वही माझ्याकडे पाठवली आणि 'हजेरी तरी लिहा' म्हणाले. — मावशी)

५.३० ला उघडलं. हजर ८. स्तोत्रं १९, ४९, ७९, १०९, १३९. आबा वारीला गेले, पखवाज पोराकडे ठेवून गेले. पोरगा अजून सहाव्या मात्रेला घाई करतो.

वही मागची सगळी वाचली. २८ मार्चला माझे डोळे भरले होते असं लिहिलंय. भरले नव्हते. मोतीबिंदूचे थेंब घातले होते. रडले मी घरी जाऊन, ते वहीत नाही.

थोरले-धाकटे आज चहानंतर रस्त्यावर उभं राहून मोठ्याने भांडले, भिंतीवरून. चांगली वीस मिनिटं. सहा वर्षांनी.

उद्याचं दूध मी आणते. साखर संपलीय.